पातेल्याचं झाकण, मिरची आणि केळी: गेममधल्या साध्या वस्तू इतक्या कामाच्या का ठरतात?

मे महिन्यातली दुपार. अमळनेरला बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, घरात कूलरची घरघर, आणि कूलरसमोरची मोक्याची जागा बळकावून माझा भाचा मांडीवर गेमचं यंत्र घेऊन बसलेला. आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवून उठले आणि चष्मा लावून त्या पडद्यात डोकावले. कोळ्यासारखं सहा पायांचं एक अवाढव्य यंत्र एका पोराच्या छातीवर लाल निशाण रोखून उभं होतं. पोराची तलवार पाठीला. हातात काहीतरी गोल.

"हाई काय शे रे?"

"ढाल आहे, आजोबा."

"ढाल? हाई ते पातेलानं झाकन शे!"

होतंच ते पातेल्याचं झाकण. यंत्राने प्रकाशाचा झोत सोडला, पोराने नेमक्या क्षणी झाकण पुढे रेटलं, आणि झोत उलटा फिरून यंत्राच्याच तोंडावर आदळला. आप्पांनी खुर्ची ओढली.

माझं जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेमबद्दल लोक मला दोनच गोष्टी विचारतात: "हा चालेल का माझ्या मशीनवर?" आणि "पोराचा नाद कसा सोडवू?" आप्पांनी तिसरीच गोष्ट विचारली, आणि ती या दोन्हींपेक्षा चांगली होती. ज्या जगात जादूच्या तलवारी मिळतात, तिथे झाकण कामाला का यावं? संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून बसलो तेव्हा मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

## आधी गेम कोणता ते

'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. निन्टेन्डो या जपानी कंपनीने तो मार्च २०१७ मध्ये आणला. लिंक नावाचा नायक शंभर वर्षांच्या झोपेतून जागा होतो, अंगावर धड कपडे नाहीत, आठवण पुसलेली, आणि समोर हायरूल नावाचं उजाड झालेलं राज्य. मोठ्या शत्रूला संपवायचं आहे, पण कधी, कुठल्या वाटेने आणि काय घेऊन, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. याला साहस-गेम म्हणतात: गोष्ट आहे, फिरायला मोठा मुलूख आहे, वाटेत कोडी आणि शत्रू आहेत.

गंमत म्हणजे या मुलखात सापडणाऱ्या सामानात कुदळ आहे, फरशी पुसायचा मॉप आहे, होडीचं वल्हं आहे, रस्सा वाढायची पळी आहे. ही सगळी 'शस्त्रं' म्हणून हातात धरता येतात. कुदळ ऐकून आप्पांना बरं वाटलं.

## चावी-कुलपाचे गेम

या मालिकेतला पहिला गेम १९८६ चा. तो रचणारे शिगेरू मियामोतो लहानपणी गावाबाहेरच्या रानात भटकायचे, एकदा तर कंदील घेऊन एका गुहेत शिरले होते. त्या भटकंतीची मजा गेममध्ये आणायची, ही त्यांची मूळ कल्पना. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशीच एक साधी वस्तू आहे: कंदील.

पण त्या काळच्या यंत्रांची ताकद बेताची. १९८६ च्या गेममध्ये मेणबत्ती मिळते, ती झुडपापाशी पेटवली की झुडूप जळतं आणि खाली जिना दिसतो. मात्र प्रत्येक झुडूप जळत नाही. गेम बनवणाऱ्याने जे झुडूप ठरवलंय तेच जळतं. बाकीच्या झुडपांना आग लागतच नाही, जणू ती ओल्या सिमेंटची आहेत.

पुढची कितीतरी वर्षं बहुतेक साहस-गेम असेच होते. एक वस्तू, तिचं एक काम, आणि त्या कामाची ठरलेली जागा. ही चावी त्याच कुलपाची. वस्तू 'हुशार' दिसायची, पण हुशारी खेळणाऱ्याची नव्हे, बनवणाऱ्याची. तुम्ही फक्त त्याने लपवलेलं शोधून काढत होता. त्यातही मजा होती, नाही असं नाही. मी स्वतः तसल्या गेमांत पुष्कळ रात्री घालवल्यात.

## वस्तूचं काम नाही, वस्तूचा स्वभाव

आता युरियाची रिकामी गोणी डोळ्यांसमोर आणा. कारखान्याने ती एका कामासाठी बनवली: खत भरायला. आपल्याकडे मात्र तिचं खरं आयुष्य रिकामी झाल्यावर सुरू होतं. पावसात तिचा एक कोपरा आत मोडला की डोक्यावरची खोळ. ओट्यावर पसरली की बसकण. माती भरली की पाटाचं दार अडवायला बांध. भिंतीच्या भोकात कोंबली की उंदराला अटकाव.  आणि आम्ही लहानपणी टेकाडावरून तिच्यावर बसून घसरायचो, तो उपयोग तर कुठल्याच कृषी अधिकाऱ्याने लिहिलेला नसेल.

गोणी हे सगळं का करू शकते? ती हलकी आहे, चिवट आहे, घडी होते, पाणी अडवते. तिला 'काम' नाही, तिला 'स्वभाव' आहे. आणि बाहेरच्या जगाला, म्हणजे पावसाला, मातीला, उताराला, त्या स्वभावाची कदर आहे.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड बनवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. गेममध्ये झाडाला 'हे झाड फक्त या कोड्यासाठी जळेल' असं सांगितलेलं नाही. 'हे लाकूड आहे' एवढंच सांगितलंय. मग लाकूड म्हटल्यावर ते पेटेल, पाण्यावर तरंगेल, कुऱ्हाडीने तुटेल, उतारावरून गडगडेल. तलवारीला 'हे लोखंड आहे' असं सांगितलंय. म्हणून तिच्यातून वीज वाहते, आणि चुंबक तिला ओढतो.

माझं सांगणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याच्या उदाहरणांचा: साधी वस्तू कामाची ठरते ती स्वतःच्या गुणाने नाही. भोवतीचं जग नियमाला पक्कं असतं म्हणून ठरते.

## आग, पाणी, वारा: नियम फक्त तीन

इथे एकच तांत्रिक शब्द वापरतो आणि सोडून देतो. गेमच्या आत 'इंजिन' असतं, म्हणजे नियम चालवणारा प्रोग्राम. वस्तू किती जड, पडली तर कशी पडेल, ढकलली तर कुठे जाईल, हे बघणारं ते फिजिक्स इंजिन. ते बहुतेक गेममध्ये असतं. या गेमच्या लोकांनी त्याच्या जोडीला आणखी एक बनवलं आणि त्याला नाव दिलं केमिस्ट्री इंजिन. हालचाल पहिल्याकडे, अवस्था दुसऱ्याकडे: जळतंय की विझलंय, गोठलंय की वितळलंय, विजेने भारलंय की नाही.

२०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांची जी परिषद झाली, तिथे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नियम उलगडून सांगितले. आग, पाणी, बर्फ, वीज, वारा ही एका बाजूला. त्यांना 'तत्त्वं' म्हणू. लाकूड, लोखंड, गवत, प्राणी, माणूस दुसऱ्या बाजूला, त्या 'वस्तू'. नियम असे. तत्त्व वस्तूची अवस्था बदलू शकतं, म्हणजे आग लाकूड पेटवते. तत्त्व दुसऱ्या तत्त्वाची अवस्था बदलू शकतं, पाणी आग विझवतं. वस्तू मात्र दुसऱ्या वस्तूची अवस्था बदलू शकत नाही. लाकडावर लाकूड ठेवलं तर नुसती मोळी होते.

एवढंच. आप्पा म्हणाले, "हे तर पंचमहाभूतांसारखं झालं." साधारण तसंच, फक्त पृथ्वी आणि आकाशाच्या जागी वीज आणि बर्फ.

तीन नियमांनी काय साधतं? हिशोब करा. तुमच्याकडे दहा वस्तू आहेत आणि प्रत्येकीला एक ठरलेलं काम, तर दहा कामं झाली. अकरावी वस्तू आणली की अकरा. ही बेरीज. आता दहा वस्तू आणि पाच तत्त्वं घ्या, प्रत्येक वस्तू प्रत्येक तत्त्वाला काही ना काही उत्तर देते. पन्नास शक्यता. अकरावी वस्तू आणली तर एकदम पाच वाढल्या. हा गुणाकार. त्यात वस्तू डोंगरावर आहे की नदीत, पाऊस आहे की ऊन, हे धरलं की मोजदाद सुटते. बनवणाऱ्यांनाही सगळ्या शक्यता आधी माहीत नसतात, आणि तिथेच खेळणाऱ्याची हुशारी सुरू होते.

हे जमेल की नाही ते पाहायला त्यांनी आधी १९८६ च्या गेमसारखाच दिसणारा, चपट्या चित्रांचा एक कच्चा गेम करून पाहिला होता. त्यात झाडं पेटत होती, ओंडके पाण्यात सोडता येत होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या न जळणाऱ्या झुडपांना अखेर आग लागली म्हणायची.

## मिरचीवर उडणारा माणूस

आता खान्देशी माणसाला पटेल असं उदाहरण.

गेमच्या सुरुवातीच्या भागात लिंकला एक छत्री मिळते, कापडाची, दोन्ही हातांनी धरायची. उंचावरून उडी मारून ती उघडली की तरंगत खाली येता येतं. तिला पॅराग्लायडर म्हणतात. नुसती ती बेताची वस्तू, कारण ती खालीच आणते. वर जायचं तर खालून वारा हवा.

गेममध्ये आग लागली की तिच्यावरची हवा तापून वर चढते. सुकलेल्या गवतात मशाल टेकवली, गवत भडकलं, की तिथे वर जाणारा झोत तयार होतो. त्यात उभं राहून छत्री उघडली की माणूस सरळ वर. मशाल आणि गवत, दोन्ही फुकटातल्या वस्तू, मिळून पाळणा झाला.

आणि गवत नसेल तर? तिथे मिरची येते. गेममध्ये लाल तिखट मिरच्या झाडाझुडपांत सापडतात. त्यांचं सरळ काम म्हणजे जेवणात घालून खाणं. मिरचीचं कालवण खाल्लं की बर्फाळ डोंगरावरही थंडी बाधत नाही. पण चार-पाच मिरच्या जमिनीवर टाकून त्यांना आग लावली तर त्याही वर जाणारा झोत देतात. म्हणजे नंदुरबारच्या बाजारातून मूठभर मिरच्या खिशात टाकून निघालेला माणूस कुठूनही आकाशात उडू शकतो, असा प्रकार. आप्पा यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्याला मिरचीच जबाबदार असल्याचं आईने खालून ओरडून सांगितलं. खाली खरोखरच ठेचा कुटणं चालू होतं.

स्वयंपाकघराचं हे प्रकरण गेममध्ये फार रंगतं. मांस बर्फात टाकून ठेवलं की गोठतं, आणि ते गोठलेलं मांस वाळवंटात खाल्लं की उष्मा सोसवतो. गरम पाण्याच्या कुंडात अंडं टाकलं की ते उकडून वर येतं. (आमच्या सातपुड्यातल्या उनपदेवच्या झऱ्यावर कोणी हा प्रयोग करू नये. ते देवस्थान आहे.) ज्वालामुखीच्या भागात कच्चा जिन्नस जमिनीवर ठेवला की आपोआप भाजला जातो. भट्टी पेटवा, बटण दाबा, असं काही नाही. जमीन तापलेली आहे, जिन्नस भाजण्यासारखा आहे, झालं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकून गप्पा मारत बसणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

## केळ्यांनी उघडलेलं दार

माझ्या मते या गेममधली सर्वांत भारी वस्तू तलवार नाही, चुंबक नाही. केळी.

डोंगरातल्या एका दरीत ईगा नावाच्या टोळीचा अड्डा आहे. आत थोराड पहारेकरी फिरत असतात. त्यांच्या नजरेस पडलात तर ते एका घावात काम तमाम करतात, म्हणून लढायचं नाही, नजर चुकवून जायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सात-आठ वेळा मेलो आणि यंत्र बंद करून झोपलो. नंतर कळलं की या टोळीला केळ्यांचं भयंकर वेड आहे. पहाऱ्याच्या वाटेपासून जरा लांब एक केळं टाकायचं आणि आडोशाला उभं राहायचं. पहारेकरी येतो, केळं बघतो, कर्तव्य विसरतो, तिकडे वळतो. त्याची पाठ फिरली की आपण पुढे.

रावेर-यावलच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं दिसल्यावर कोण पहारा करत बसेल?

थट्टा सोडा, आत काय घडतं ते बघा. पहारेकऱ्याला दोनच नियम दिलेत: माणूस दिसला तर धाव, केळं दिसलं तर त्याकडे जा. 'अमुक खोलीत अमुक जागी केळं ठेवलं तर दार उघडेल' असा करार कुठेच नाही. केळं कुठे टाकायचं, किती टाकायची, केव्हा निघायचं, हे तुमचं. म्हणून तेच केळं एकाच्या हातात वाया जातं आणि दुसऱ्याच्या हातात किल्ली होतं. शिवाय ते शिजवून खाल्लं तर लढायची ताकद वाढते ती वेगळीच.

## मग झाकणाचं काय?

झाकणाची गोष्ट जराशी निराळी आहे, कारण तिथे स्वभावाबरोबर हातही लागतो.

गेममध्ये प्रत्येक ढालीला दोन आकडे असतात. एक, ती मार किती सोसते. दुसरा, ती किती टिकते. गेममधल्या सर्वांत नामी ढालीचे आकडे आहेत ९० आणि ८००. पातेल्याच्या झाकणाचे १ आणि १०. यंत्राचा झोत त्यावर नुसता झेलला तर झाकणाचं जे व्हायचं तेच होतं.

पण झोत अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी ढाल पुढे रेटली, तर गेम ते 'अचूक अडवणं' धरतो. तसं अडवलं की झोत परततो, आणि ढालीचं काही बिघडत नाही. हा नियम ९०-८०० च्या ढालीला जसा लागू, तसाच १-१० च्या झाकणाला. तीन झोत असे परतवले की ते सहा पायांचं धूड कोसळतं. म्हणजे इथे कमाल झाकणाची नाही, वेळ साधणाऱ्या अंगठ्याची. आणि माझ्या भाच्याने तो अंगठा सव्वाशे वेळा मरून कमावलाय, हेही आप्पांना सांगायला हवं होतं.

चांगली ढाल नसेल तर झाकणाचा आणखी एक उपयोग आहे. ते पायाखाली टाकून उतारावरून घसरता येतं. दहाचा आकडा असल्याने दगडधोंड्यांवर ते फार काळ टिकत नाही, पण गवताळ उतारावर युरियाच्या गोणीची आठवण होते.

## "पण ही तर चोरवाट झाली"

हा आक्षेप दुकानात येणारी कॉलेजची मुलं घेतात. कोडं एका रीतीने सोडवायचं ठरलेलं असेल आणि कोणी भलत्याच मार्गाने गेलं, तर ती फसवणूक नाही का?

गेममध्ये विजेची कोडी आहेत: इकडचा खांब तिकडच्या खांबाला लोखंडी ठोकळ्यांनी जोडायचा, प्रवाह वाहू द्यायचा, दार उघडतं. ठोकळा कुठेतरी अडवून ठेवलेला असतो आणि तो मिळवणं हेच कोडं. पण खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की आपल्या पाठीवरच्या तलवारीही लोखंडीच आहेत. चार तलवारी ओळीने जमिनीवर ठेवल्या, प्रवाह वाहिला, दार उघडलं. बनवणाऱ्यांना हे बंद करता आलं असतं. 'तलवार धरायची नाही, ठोकळाच हवा' एवढा अपवाद लिहिला की काम झालं. त्यांनी तो लिहिला नाही. लिहिला असता तर लोखंड हे लोखंड राहिलं नसतं, पुन्हा चावी-कुलपाचा खेळ झाला असता.

उलट कधी कधी बनवणाऱ्यांची चोरवाटच गेमचं साधन होते. २०२३ मध्ये याचा पुढचा भाग आला, 'टिअर्स ऑफ द किंगडम'. त्यात लिंक डोक्यावरच्या छतात शिरून थेट वरच्या जमिनीवर निघू शकतो. ही मुळात गेम तपासताना स्वतःच्या सोयीसाठी केलेली युक्ती होती. गुहेच्या टोकापर्यंत जाऊन परत तेच अंतर चालत यायचा कंटाळा. मग त्यांना वाटलं, आपल्याला कंटाळा येतो तर खेळणाऱ्यालाही येणार, आणि ती युक्ती खेळणाऱ्यांच्या हाती दिली.

## "शस्त्रं सारखी मोडतात, त्याचं काय?"

या गेमवरची ही सर्वांत मोठी तक्रार, आणि मला ती निम्मी पटते. तलवार थोड्याच घावांत तुटते. मेहनतीने मिळवलेली सुंदर वस्तू हातात फुटली की जीव हळहळतो. अपवाद एकच, ती जादूची मुख्य तलवार. तिला उपसायला आयुष्याची तेरा बदामं (जीव मोजायची हृदयाची चिन्हं) जमवावी लागतात, आणि तीही दमते. दमली की दहा मिनिटं आराम.

बाजू घ्यायची तर अशी घेता येईल. उत्तम तलवार कायमची हातात राहिली असती तर खाली पडलेल्या पळीकडे, मशालीकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. घरात नवा मिक्सर आला की पाट्याचं काय होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तू तुटते म्हणून माणूस आजूबाजूला बघतो. समोर काय आहे? एक ओंडका, एक उतार, खाली शत्रूंची शेकोटी. ओंडका ढकलावा काय?

तरीही, पावसात डोंगर चढताना पाय घसरायचा नियम आणि तुटणाऱ्या तलवारी एकत्र आल्या की मी यंत्र बाजूला ठेवतो. नियमाला पक्कं असणं म्हणजे जाच असू नये.

## "हे शिकून पोरं शेतात भलतं करतील"

हा आईचा आक्षेप, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कारण गेमचे नियम पक्के असले तरी ते आपल्या जगाचे नाहीत.

आग लावून छत्रीवर उडता येत नाही. तापलेली हवा वर जाते हे खरं, पण माणसाला उचलायला मूठभर मिरच्यांची आग पुरत नाही. गवताची आग मात्र शेजाऱ्याच्या गंजीपर्यंत नक्की पोचते.

विजेचं तर नीटच सांगायला हवं. गेममध्ये वादळात अंगावर लोखंड असलं की ठिणग्या उडायला लागतात आणि वीज पडते; लोखंड काढून ठेवलं की वाचलात. चलाख खेळाडू ती तलवार शत्रूंच्या घोळक्यात फेकतात आणि वीज त्यांच्यावर पाडतात. गेमपुरतं झकास. खऱ्या जगात वीज मुख्यतः उंचीला आणि एकटेपणाला भुलते. मोकळ्या वावरातलं एकटं निंबाचं झाड, त्याखाली उभा माणूस, खळ्यात ताठ उभा असलेला माणूस, हे तिचे बळी. खिशातली चावी किंवा मोबाइल काढून ठेवल्याने कोणी वाचत नाही. जूनच्या सुरुवातीला कपाशी लावायच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. ते भाच्याच्या फोनवर आहे, आणि आता आप्पांच्याही.

## "यात पैसे तर लावत नाहीत ना?"

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हापासून हा प्रश्न घरोघर आहे. तो कायदा पैसे लावून, जिंकायच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालतो, त्यांच्या जाहिरातींनाही. आपण बोलतोय तो गेम त्यात बसत नाही. एकदा विकत घ्यायचा, इंटरनेटशिवाय एकट्याने खेळायचा, त्यात लावायचं काही नाही आणि हरायचंही काही नाही. वेळ सोडून. वेळेचा हिशोब ज्याने त्याने आपल्या घरी करावा. आमच्याकडे तो कूलर कोणाच्या तोंडावर असावा यावरून होतो.

## दोन पंखे आणि एक दांडा

पुढच्या भागाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय विषय सुटत नाही. टिअर्स ऑफ द किंगडम पहिल्या तीन दिवसांत जगभर एक कोटीहून जास्त खपला. त्यातली नवी गोष्ट म्हणजे डिंक. म्हणजे जादू, पण वागते डिंकासारखी: कोणतीही वस्तू कोणत्याही वस्तूला चिकटवा. काठीला दगड चिकटवला की हातोडा. फळ्यांना चाकं चिकटवली की गाडी. आधीच्या गुणाकारात आणखी एक गुणाकार.

त्यात पंखे, चाकं, रॉकेट, पाण्याचा फवारा मारणारं नळकांडं अशी तयार यंत्रंही मिळतात. लोकांनी त्यांतून रणगाडे बांधले, चालते राक्षस बांधले. पण सगळ्यांत जास्त लोक काय वापरतात? दोन पंखे आणि मधे हाताळायचा एक दांडा. बस्स. तीन तुकड्यांचं उडतं दुचाकी वाहन. हलकं, स्वस्त, कुठेही जातं. ज्यांनी पंधरा-वीस तुकड्यांची विमानं बांधली तेही शेवटी यावरच आले. आमच्याकडे गावोगाव वेल्डिंगच्या दुकानांत जुन्या इंजिनाला चाकं जोडून फवारणीची गाडी करतात, तीच ही जात.

रस्त्याकडेला एक भाबडा माणूसही भेटतो, आपल्या मालकाचा भलामोठा फलक दोन्ही हातांनी धरून उभा. सोडला की पडतो. शेजारी फळ्या, दांडके पडलेले असतात, त्यांचा टेकू देऊन फलक उभा करायचा. निवडणुकीच्या दिवसांत हे काम केलेल्या कोणालाही ते चटकन जमतं. आप्पांनी पहिल्याच फटक्यात सांगितलं, "मागून तिरकी फळी लाव." फलक उभा राहिला. भाच्याने त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा स्वतःहून कूलरपाशी आले. भाचा दोन पंख्यांच्या गाडीवरून एका दरीवर उडत होता. त्या गाडीला फवाऱ्याचं नळकांडंही चिकटवायचं आणि खालच्या गवतावर पाणी मारून बघायचं, असा आप्पांचा हुकूम होता. नळकांडं लागलं. पाणी सुटलं. दरीच्या बरोबर मधोमध गाडीची बॅटरी संपली, पंखे थांबले आणि लिंक गाडीसकट खाली जायला लागला.

आठवड्यातले चार दिवस रात्री बाराला मोटर चालू करायला उठणाऱ्या आप्पांनी चष्मा काढला.

"आठेबी लोडशेडिंग शे का रे?"